पुढच्या गाडीने

इथे कुवेतमध्ये, रिग्गईला, डॉक्टरीणबाईंच्या घरी मराठी मंडळाचा दिवाळी अंक येतो. सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याकडे जाते, तेव्हा तो वाचते. गेल्या अंकात एका इंजिनिअरसाहेबांनी शुऐब्याच्या कारखान्यातले अनुभव लिहिले होते. व्हॉल्व्ह कसा अडकला, सगळे कसे घाबरले आणि यांनी तो कसा सोडवला. लिहिलं होतं छान, पण वाचताना माझा जीव जळत होता. व्हॉल्व्ह शेवटी लोखंडाचा. तो रुसत नाही. आंघोळ नको म्हणून दाराची चौकट धरून बसत नाही. मी जे सांभाळते ते हे सगळं करतं, आणि त्याबद्दल कोणी अंकात लिहीत नाही.

म्हणून लिहायला बसले. छापायला द्यायचं नाही. मी चौथी शिकलेली, आणि चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. कागदावर फुटतो असं दिसतंय.

माझं काम म्हातारी माणसं सांभाळायचं. लोकांना वाटतं त्यात काय, खाऊ घाला, न्हाऊ घाला, औषध द्या. पण म्हातारं माणूस खाटेवरून उठवायचं कसं ते विचारा. समोर उभं राहून हात ओढले की ते घाबरतं आणि मागे रेलतं. मग त्याचा तोल जातो आणि आपली कंबर. आधी आपले हात चोळून गरम करायचे, कारण एसीच्या घरात ते मासळीसारखे गार असतात. मग माणसाला खाटेच्या कडेला आणायचं. पाय जमिनीला टेकलेत का बघायचं. आपण वाकून त्याचे हात आपल्या गळ्यात घ्यायचे आणि थांबायचं. हे थांबणंच अवघड. त्याच्या मनात उठायचं आलं की अंग जरा हलकं होतं, ते आपल्या मानेला कळतं. तेव्हा उठायचं. त्याला वाटतं आपणच उठलो. 'उठा' कधी म्हणायचं नाही, 'चला' म्हणायचं.

नमुने तर किती भेटले. सालमियाला एक म्हातारी होती, तिला रोज वाटायचं मी तिच्या चपला चोरल्या. मी त्या खाटेखालून काढून द्यायचे. ती म्हणायची, "तू चांगली आहेस. आधीची चोर होती." आधीची म्हणजे मीच, सकाळची.

या डॉक्टरीणबाईंच्या सासूबाई पुण्याहून येऊन राहिल्या होत्या, तेव्हा मी त्यांच्याकडे होते. आजी नातवाला विचारायच्या, "बाळा, भूक लागली का?" तो म्हणायचा, "नॉट नाऊ, आजी." आजी माझ्याकडे वळायच्या, "शेवंता, काय म्हणतो गं हा?" मला तरी कुठे इंग्रजी येतं! मी सांगायचे, "आजी, तो म्हणतोय लाडू फार छान झालेत." आजी खूश. एकदा त्या पोराने ते ऐकलं. माझ्याकडे बघून हसला आणि गुपचूप एक लाडू उचलून घेऊन गेला. आजी पुण्याला परत गेल्या तेव्हा विमानतळावर त्यांनी नातवाच्या आधी मला जवळ घेतलं. डॉक्टरीणबाईंचा चेहरा जरा उतरला होता. तेव्हा मला वाटलं होतं, काय या बाई, एवढ्यावरून कोणी जळतं का?

आता लिहायचं आहे ते उम् सालेमबद्दल.

उम् सालेम म्हणजे सालेमची आई. कुवेतमध्ये बाईला थोरल्या मुलाच्या नावाने ओळखतात. जहऱ्याला तिच्या घरी मी पुष्कळ वर्षं आहे. कुवेती घरात काम करणाऱ्या बायका मालकिणीला मामा म्हणतात. आमच्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ. पहिल्या दिवशी काळ्या पायघोळ अबायातल्या त्या धिप्पाड बाईला मामा म्हणताना मला हसू आवरेना.

ती म्हणाली, "हसतेस कशाला?"

मी ओठ दाबून धरले.

"हसत जा," ती म्हणाली. "आधीची सारखी रडायची."

शेवंता हे नाव तिला जमेना. तिने त्याचं शीवा केलं. शीवा, पाणी. शीवा, चष्मा. शीवा, मेलीस का कुठे. गोड बोलणं तिच्या स्वभावात नव्हतं आणि मला त्याची गरजही वाटली नव्हती. तिला मोटारीत मळमळायचं. एकदा हॉस्पिटलला जाताना मी तिच्या तोंडात आमसूल ठेवलं. आमच्या चिपळूणकडचं, भावाने पाठवलेलं. तिने डोळे बारीक केले, चघळलं आणि म्हणाली, "ही तुमची हिंदी लूमी काय?" लूमी म्हणजे वाळवलेलं आंबट लिंबू, ते त्यांच्या रश्श्यात असतं. तेव्हापासून मोटारीचं दार उघडलं की ती आधी माझ्यापुढे तळहात करायची. तिच्या सुनांना, नातवंडांना कोणालाच ठाऊक नव्हतं की ती हात कशासाठी पुढे करते. मला ठाऊक होतं. एवढंच माझं त्या घरात होतं, पण ते माझं होतं.

मग ती न्हाणीघरात पडली, नेमकी मी सुट्टीला रिग्गईला गेले होते त्या दिवशी. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. हॉस्पिटलातून घरी आली ती नर्स बरोबर घेऊनच.

प्राजक्ता नाशिकची. तिशीची असेल. खरं म्हणजे मला आनंद व्हायला हवा होता. त्या घरात इतकी वर्षं मी मराठी बोलले ती फोनवर नाहीतर स्वतःशी. ती आली, बॅग ठेवली, माझ्याकडे बघून गोड हसली आणि म्हणाली, "अय्या, तुम्ही मराठी? बरं झालं बाई! मावशी, जरा गरम पाणी आणता का?"

हॉस्पिटलात लादी पुसणाऱ्या, भांडी उचलणाऱ्या बायकांना नर्सा मावशी म्हणतात. वाईट काही नाही त्यात. माझ्या बहिणीच्या मुलीही मला मावशीच म्हणतात. पण त्या एका हाकेत घरातल्या जागा ठरून गेल्या. ती सिस्टर, मी मावशी. मीही मग तिला सिस्टर आणि तुम्ही यावरच धरलं.

ती म्हणायची, "मला अगंतुगं करा हो. तुमच्या मुलीसारखी आहे मी."

मी म्हणायचे, "नको सिस्टर. मान आहे तुमचा."

तिने येताच औषधांचा डबा स्वतःच्या ताब्यात घेतला. आमसूल बंद केलं. "मावशी, त्यात मीठ असतं. यांचं बीपी बघा आधी." म्हातारीला उठवायला तिच्याकडे रुंद पट्टा होता. तो कमरेला बांधायचा, पट्ट्याला धरायचं, एक-दोन-तीन म्हणायचं आणि उचलायचं. गळ्यात हात घालू द्यायचे नाहीत. "अशाने तुमची मान जाईल, मावशी. चुकीची पद्धत आहे ही."

ती कामाला वाईट असती तर बरं झालं असतं. पण तिने म्हातारीला खरंच चालतं केलं. आधी खाटेपासून खुर्चीपर्यंत, मग दारापर्यंत. आणि दारापर्यंत पोचली त्या दिवशी उम् सालेम तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "बिन्ती."

बिन्ती म्हणजे माझी मुलगी. मला तिने इतक्या वर्षांत तसं म्हटलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत होते, तिथून ऐकलं. त्या दिवशी कोथिंबिरीची पानं कमी आणि काड्या जास्त पडल्या भांड्यात.

नंतर तर रोजचंच झालं. वेन बिन्ती? म्हणजे माझी मुलगी कुठे आहे? बिन्ती आली का? बिन्ती जेवली का? त्या दोघींच्या हसण्याचे आवाज यायचे. प्राजक्ताला अरबी धड दहा शब्द येत नसतील. मग या दोघी हसतात तरी कशावर, हा विचार करून माझं डोकं दुखायचं. मी चहा घेऊन गेले की हसणं थांबायचं असं मला वाटायचं. थांबत नसेलही.

उन्हाळा लागला. जहऱ्याला दुपारी नळाचं पाणी हाताला पोळायला लागलं. एक दिवस तिच्या मुलाने, सालेमबाबाने, आम्हा दोघींना बोलावून घेतलं. तो सरळ माणूस आहे. म्हणाला, "आम्ही सगळे मलेशियाला जातोय. तुम्ही दोघीही चला. युम्माला डोंगरावर जायचंय." युम्मा म्हणजे आई, नातवंडंही तिला युम्माच म्हणतात. मग तो म्हणाला, "परत आल्यावर मात्र दोघी नकोत. एकच राहील. कोण, ते युम्मा ठरवेल."

प्राजक्ता मान हलवून बाहेर गेली. मी तिथेच उभी राहिले. मला ठाऊक होतं की हे घर गेलं तर दुसरं मिळणार नाही. म्हातारी सांभाळायला म्हातारी कोण ठेवतो? मग इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द आणि गावी परत. तिथे भावाचं घर, आणि त्या घरात आता त्याच्या सुनेचा शब्द चालतो. पण खरं सांगायचं तर त्या वेळी पहिला विचार तो आला नाही. पहिला विचार आला तो असा, की ठरवायला म्हातारीला वेळ लागणार नाही. बिन्ती म्हणून मोकळी होईल.

डोंगराची गोष्ट मी कितीतरी वेळा ऐकली होती. पिनांग नावाचं बेट आहे, तिथे एक डोंगर आहे आणि डोंगरावर चढायला आगगाडी आहे. इंजिन नसलेली. जाड लोखंडी दोराने वर ओढतात. हातात पैसा आला तेव्हा अबू सालेमने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, तिला तिथे नेलं होतं. लाकडी डबा होता. अर्ध्या डोंगरावर उतरून दुसऱ्या डब्यात बसावं लागायचं. तिथे थंडी वाजली म्हणून त्याने स्वतःचा कोट तिला घातला. इतक्या लोकांसमोर! हे सांगताना ती दर वेळी तोंडावर पदरासारखा हात धरायची. हे मी प्राजक्ता यायच्या आधीपासून ऐकत आले होते, आणि विमानात प्राजक्ता तीच गोष्ट खाणाखुणांनी ऐकत होती. माझी जागा मागच्या रांगेत होती.

डोंगराच्या पायथ्याला पोचलो तर सगळं नवीन. काचेची चकचकीत गाडी, आत एसी. रूळ मात्र अंगावर येतील असे उभे. सालेमबाबा, त्याची बायको आणि मुलं आधी चढली. म्हातारीने चाकाच्या खुर्चीत बसून आत जायला साफ नकार दिला.

"बाकावर बसणार," ती म्हणाली. "खिडकीशी. आजारी माणसं बसतात खुर्चीत."

मी वाकले आणि तिचे हात गळ्यात घेतले. त्याच वेळी प्राजक्ताने दुसऱ्या बाजूने पट्टा धरला.

"मावशी, तुम्ही सोडा. एक, दोन..."

"सिस्टर, तुम्ही सोडा. तिला कमरेला धरलेलं आवडत नाही."

"अहो, पडतील त्या!"

"माझ्या हातून नाही पडली अजून."

हे मी बोलले. मी, जिच्या तोंडून शब्द फुटत नाही. आणि ते अर्धंच खरं होतं. ती पडली तेव्हा मी घरात नव्हते, हे प्राजक्तालाही माहीत होतं. तिने माझ्याकडे बघितलं, पण ते बोलून दाखवलं नाही. न बोलल्याचाही मला राग आला.

म्हातारी आम्हा दोघींच्या मध्ये अर्धी उठून अडकली होती. ना ती माझ्या मानेवर भार टाकत होती, ना पट्ट्यावर. मागे माणसं खोळंबली होती. "यल्ला! यल्ला!" ती ओरडली, म्हणजे चला, चला. "मला फाडून वाटून घेणार आहात का?"

मी हात सोडले. प्राजक्ताने एक-दोन-तीन केलं आणि तिला आत नेलं. मी खुर्ची दुमडायला वळले. पाय ठेवायची पट्टी अडकून बसली होती. ती मी लाथेने सरळ केली, वळले, तर गाडीचं दार बंद. काचेतून मला म्हातारीची पाठ दिसली आणि तिच्या खांद्यावर प्राजक्ताचा हात. गाडी चालू लागली.

फलाटावर मी आणि रिकामी खुर्ची. तिथे एक तमिळ माणूस ड्यूटीवर होता. मी त्याला हिंदीत विचारलं, त्याने तमिळमध्ये सांगितलं आणि दोघांना काही कळलं नाही. मग त्याने दोन मुठी पुढे धरल्या. एक वर नेली तशी दुसरी खाली आणली. मग उलट. मला समजलं. एकाच दोराला दोन डबे बांधलेले असतात. एक वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो. त्याने हसून वर बोट केलं आणि मग खालच्या रुळाकडे. म्हणजे थांब, तुझी येतेय.

वाह, मी मनात म्हटलं. हे तर मला जहऱ्याच्या घरातच कळलं होतं.

दुसरा डबा आला. माणसं उतरली, मी खुर्ची घेऊन चढले. मला खिडकीशी बाक मिळाला, अगदी पुढे, जिथे म्हातारीला बसायचं होतं. खुर्ची मी समोर धरून ठेवली. गाडी अशी चढायला लागली की पाठ बाकाला चिकटली. दोन्ही बाजूंना गर्द झाडी, हात हात लांब पानांचे नेचे, ओलसर दगड. आणि हळूहळू गारवा. दाराच्या फटीतून येत होता की झाडांमुळे तसं वाटत होतं, कोण जाणे. जहऱ्याच्या पोळणाऱ्या नळानंतर तो गारवा अंगाला लागला आणि मला आमच्या गावचा डोंगर आठवला. तसेच नेचे, तसाच ओला वास. आई त्या डोंगरावरून लाकडाचा भारा घेऊन उतरायची. तिच्यासाठी कोणी दोर बांधला नव्हता. मी त्या डोंगरावरसुद्धा जळले, लिहिताना लाज वाटते, पण जळले. दोन्ही डोंगर सारखेच, आणि याच्या नशिबी गाडी.

मध्यावर रूळ दोन झाले. वरून दुसरा डबा खाली येत होता. मी राहिले म्हणून त्या मला शोधायला खाली येत असतील तर? मी वर, त्या खाली. मग त्या परत वर, मी खाली. एवढ्या मोठ्या डोंगरावर आम्ही एकमेकींना काचेतून बघत राहू. डबा शेजारून गेला. मी उठून प्रत्येक खिडकी बघितली. म्हातारी नव्हती. हायसं वाटलं. आणि मग बसताना मनात आलं, म्हणजे कोणी शोधायला निघालंच नाही.

वर पोचले तर धुकं आणि चांगलीच थंडी. सालेमबाबाची मुलं कुडकुडत आइस्क्रीम खात होती. धाकटीने मला हाताला धरून नेलं. तिथे तो जुना लाकडी डबा लोकांना बघायला ठेवलेला आहे. त्यात खिडकीशी उम् सालेम बसली होती, पाठ ताठ, एक हात शेजारच्या बाकावर पसरून ठेवलेला. जागा धरली होती. प्राजक्ता बाहेर पायरीवर बसली होती, तोंड पांढरंफटक.

ती धरलेली जागा बघितली आणि माझ्या सगळ्या अंगात ऊब पसरली. मी खुर्ची बाहेर टाकली, आत गेले आणि बसायला वाकले.

"ला," म्हातारी म्हणाली. नाही. "ही अबू सालेमची."

मी मागच्या बाकावर बसले.

"गाडी कधी सुटणार?" तिने विचारलं. "पुढे उतरून डबा बदलायचाय."

मोठा नातू म्हणाला, "युम्मा, ही गाडी चालत नाही. जुनी झाली."

"चालत नाही? मग तू कशाला बसलायस हिच्यात? ऊठ."

पोरगा उठला. ती खिडकीतून धुक्याकडे बघत बसली. अबायावरून तिने दोन्ही खांदे आवळून धरले, तेव्हा मी माझी शाल काढून तिच्या अंगावर टाकली. तिने कोणाची ते बघितलं नाही.

मी बाहेर येऊन पायरीवर बसले. प्राजक्ता हळूच म्हणाली, "मावशी, आमसूल आहे का?"

"त्यात मीठ असतं, सिस्टर."

"द्या ना. मला मळमळतंय. गाडी चढायला लागली तसं पोटात काहीतरीच झालं." मग ती म्हणाली, "आणि यांनी तर जीवच काढला माझा."

"कोणी?"

"या बाईंनी. दार बंद झाल्यापासून एकच. वेन शीवा? वेन शीवा? मला चिमटे काढले हो. हा बघा." तिने बाही वर केली. दंडावर लाल झालं होतं. "शेवटी मी खुणांनी सांगत सुटले, शीवा पुढच्या गाडीने येतेय. पुढच्या गाडीने. वर येईपर्यंत तेच. मी रात्रंदिवस करते त्यांचं, आणि खिडकीतून बघायचं सोडून त्या मागे वळून खाली बघत होत्या, तुमच्यासाठी."

"काय म्हणत होती?"

"सांगितलं ना. वेन शीवा."

"परत सांग."

प्राजक्ताने माझ्याकडे बघितलं आणि तिला हसू आलं. "वेन शीवा. वेन शीवा. झालं समाधान? मला तर इतका राग आलेला तुमचा. मनात म्हटलं, ही बाई खाली राहूनसुद्धा इथेच आहे."

मी कनवटीची पुडी काढून तिच्या हातावर आमसूल ठेवलं. "हळूहळू चघळ गं. गिळू नकोस." अगं कधी निघालं तोंडातून, कळलं नाही.

तेवढ्यात सालेमबाबा डब्यात चढला आणि आईच्या पायाशी उकिडवा बसला. कदाचित त्याला वाटलं, ती इथे शांत आहे तर आत्ताच विचारावं. आम्ही पायरीवरच होतो, सगळं ऐकू येत होतं.

"युम्मा, घरी गेल्यावर एकच ठेवायची आहे. कोणती ठेवू?"

प्राजक्ताला अरबी समजत नव्हतं, पण सालेमबाबाच्या बोटाची दिशा समजली. तिने चघळणं थांबवलं.

उम् सालेमने फार वेळ लावला नाही. "शीवाला ठेव," ती म्हणाली. "बिन्ती हुशार आहे. तिला कुठलंही हॉस्पिटल घेईल." आणि मग, धुक्याकडे बघतच, "हिला कोण घेणार?"

"काय म्हणाल्या?" प्राजक्ताने माझा हात धरला.

मी म्हटलं, "म्हणाली, तू हुशार आहेस. तुला कुठलंही हॉस्पिटल घेईल."

प्राजक्ता समजली. तिचे डोळे भरले. ती म्हणाली, "एवढं म्हणाल्या?" आणि तिचा चेहरा असा उजळला की मला तिचा हात सोडवून घ्यावासा वाटला. काम माझं राहिलं होतं, आणि चेहरा तिचा उजळला होता. पुढचं अर्धं मी सांगितलं नाही. ते माझ्याजवळच ठेवलं.

खाली उतरताना म्हातारीला कोणी उचललं ते सांगते. आम्ही दोघींनी. प्राजक्ताने पट्टा धरला, मी गळ्यात हात घेतले. तिने एक-दोन-तीन म्हटलं नाही आणि मी मान हलकी व्हायची वाट बघितली. म्हातारी उठली. म्हणाली, "आधीच असं करायला काय झालं होतं?"

प्राजक्ता आता कुवेत शहरातल्या एका हॉस्पिटलात आहे. बरं चाललंय तिचं. तिचा फोन येतो, मी अगंतुगं करते, आमसूल संपलं की ती हक्काने मागते. औषधांचा डबा परत माझ्या ताब्यात आहे. ती जायच्या आधी प्रत्येक गोळीचा रंग आणि वेळ मला समजावून गेली. आमसूल मी बीपी बघून देते, अर्धं. जिंकायचं ते मी सगळं जिंकलं.

फक्त म्हातारी आता विसरते. सकाळी तिच्या खोलीचा पडदा मी उघडला की ती डोळे चोळते, माझ्याकडे बघते, माझ्या मागे दाराकडे बघते आणि विचारते, "वेन बिन्ती?"

पहिले काही दिवस मी खरं सांगायचे. बिन्ती गेली, मामा. हॉस्पिटलात गेली. ती हिरमुसायची, मग विसरायची, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. तीच बातमी तिला रोज नव्याने लागायची. उठवताना अंग जड करून बसायची. मान थकून जायची माझी.

एक दिवस मी सांगितलं, "पुढच्या गाडीने येतेय."

आता रोज तेच सांगते. ती लगेच मान डोलावते. पाय खाली सोडून बसते आणि शेजारच्या गादीवर तळहात पसरून ठेवते, जागा धरायला. मी ती गादी बघते आणि हात चोळून गरम करत समोर उभी राहते.